फाटकापाशी खोगीर

मंगळवारी न्याहारीला बसल्या बसल्या बाईसाहेब म्हणाल्या, "मिस्टर हार्गिस, आजपासून पाद्रीला मी घेईन म्हणते," आणि लेफ हार्गिसच्या हातातला पाव कॉफीत पडला.

पाद्री म्हणजे घोडा. उंच, काळा, छातीवर पांढरा पट्टा, आणि चालताना मान अशी खाली घालतो की कुणाच्या मयताला निघालाय असं वाटावं. लेफच्या दावणीत सात घोडे, त्यातला हा सगळ्यात लाडका. इथं घोडे रँचचेच असतात, आमच्या मालकीचं फक्त खोगीर आणि वळकटी. पण एकदा मालकानं सात घोडे तुमच्या दावणीला दिले की ते तुमचे. खुद्द मालकसुद्धा त्यातल्या एकावर टांग टाकत नाही. आणि ज्या दिवशी मालक तुमच्या दावणीतला घोडा काढून घेतो, त्या दिवशी तुम्ही काय ते समजायचं. 'चालता हो' असं वायोमिंगात कुणी तोंडानं म्हणत नाही, निदान चाळीस वर्षांत मी तरी ऐकलेलं नाही. घोडा काढून घेतात आणि माणूस वळकटी बांधतो. कारण विचारायचं नाही, रदबदली करायची नाही. दोस्तानं त्याच्या वतीनं तर मुळीच करायची नाही, कारण मग ते त्याला भीक मागायला लावल्यासारखं होतं.

तर त्या टेबलावर आम्ही तिघं म्हातारे होतो आणि तिघांचीही तोंडं चालायची थांबली. लेफ एकाहत्तर वर्षांचा. त्याच्या शेजारी टॉलिव्हर, सहासष्टचा. आणि मी, ओबेड क्रेन, इथला आचारी. बारा वर्षांपूर्वी घोडा अंगावर पडून कंबर मोडली तेव्हापासून चुलीपाशी आहे. त्याआधी मीही यांच्यातलाच होतो. जवान पोरं आदल्याच दिवशी बैल घेऊन रेल्वेच्या ठाण्याकडं गेली होती, दहा दिवस यायची नव्हती.

"हो, बाईसाहेब," लेफ म्हणाला. त्यानं कॉफीतला पाव चमच्यानं वर काढला, खाल्ला, उठला, माझ्या स्वयंपाकघरातल्या नियमाप्रमाणं ताटली टबात बुडवली आणि टोपी घेऊन बाहेर गेला.

"आज फारच गप्प आहेत ते," बाईसाहेब म्हणाल्या आणि अंड्याकडं वळल्या.

या बाईसाहेब म्हणजे मिस अ‍ॅडलीन ट्रस्कॉट, आमच्या कर्नलची पुतणी. कर्नल मार्चमध्ये वारला. मे महिन्यात ही फिलाडेल्फियाहून अकरा ट्रंका घेऊन उतरली. चाळिशीची, चष्मा लावणारी, एकटी. जूनपर्यंत पळेल असं आम्ही धरून चाललो होतो. ती पळाली नाही. उलट पहाटे उठायची, वासरं डागताना धुरात उभी राहायची, आणि आम्हा सगळ्यांना मिस्टर म्हणायची. पहिल्यांदा 'मिस्टर हार्गिस' म्हणाली तेव्हा लेफनं मागं वळून पाहिलं होतं, दुसरं कोण आलंय म्हणून.

मी हात पुसत गड्यांच्या खोलीत गेलो तेव्हा लेफ वळकटी बांधत होता.

"लेफ, तिला ठाऊक नसेल रे. शहरातली बाई ती."

"कर्नलच्या रक्ताची आहे."

"अरे, तिनं नुसता घोडा मागितला."

"नुसता घोडा कधी कुणी मागितलाय?" त्यानं गुडघा देऊन वळकटी दाबली. "बावीस वर्षं मी इथं आहे, ओबेड. कर्नलनं एकदासुद्धा माझ्या घोड्याच्या लगामाला हात लावला नाही. वाऱ्यानं त्याची टोपी उडून नदीत चालली होती आणि जवळ फक्त माझा घोडा होता, तरी लावला नाही. गेली टोपी."

"मी जाऊन विचारतो तिला."

तेव्हा त्यानं माझी गळपट्टी धरली. एकाहत्तरचा झाला तरी पंजा तोच होता. "तू तोंड उघडलंस तर मरेपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही. शपथ घे."

"कशाची?"

"तुझ्या आंबवणाची."

पावाच्या पिठाचं माझं आंबवण बारा वर्षांचं आहे. थंडीत ते मडकं मी अंथरुणात घेऊन झोपतो. त्याची शपथ म्हणजे काही खेळ नाही. पण घेतली.

खरं सांगायचं तर शपथेचं मला निमित्तच झालं. मला वेगळीच भीती होती. मी जाऊन विचारायचं, आणि बाई चष्म्यातून माझ्याकडं बघून म्हणाली, "हो, मला तेच म्हणायचं होतं," तर? विचारलं नाही तोवर थोडी आशा होती. एवढा चाळीस वर्षं उन्हातान्हात काढलेला माणूस मी, आणि एका चष्मेवालीच्या 'हो'ला घाबरून गप्प बसलो.

आता पुढची अडचण ऐका. गाव एकोणीस मैलांवर. काढलेल्या माणसाला गावापर्यंत रँचचा घोडा मिळतो, पण तो मागावा लागतो, आणि लेफ काही मागणाऱ्यांतला नव्हे. म्हणजे चालत जाणं आलं. आमच्यातला माणूस अंगण ओलांडायलाही घोड्यावर बसतो. आमचे बूट उंच टाचांचे, रिकिबीत अडकायला बनवलेले. त्यात चालायला लागलं की माणूस काचेवरून चालल्यासारखा दिसतो. लेफनं अर्ध्या मणाचं खोगीर खांद्यावर घेतलं, वळकटी काखेत मारली आणि निघाला. फाटक अर्ध्या मैलावर आहे. वाटेत तो चार वेळा थांबला. प्रत्येक वेळी असा थांबला, जणू डोंगरच बघायचे होते. फाटकाबाहेर गेला, फाटक नीट लावून घेतलं, खोगीर रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि त्यावर बसला, टपालगाडीची वाट बघत.

टपालगाडी गुरुवारी येते. तो मंगळवार होता.

ती गाडी त्याला कुठं नेणार हे आम्हाला माहीत होतं. त्या गावात, सेजवुडमध्ये, तबेल्यामागं तीन खोल्या आहेत, आमच्यासारख्यांच्या शेवटासाठी. आमचाच म्हातारा क्लेम गेल्या वर्षी तिथं राहायला गेला होता. जानेवारीत मेला, आणि चार दिवस कुणाला पत्ता नव्हता. लेफला ना बायको, ना पोर, ना भाऊ. त्याचं जे काय होतं ते या फाटकाच्या आत होतं.

दुपारी मी जेवण घेऊन गेलो. लंगडत अर्धा मैल जायचं, अर्धा मैल यायचं.

"मी आता इथला माणूस नाही," लेफ म्हणाला. "रँचचं अन्न मला चालायचं नाही."

"हे रँचचं नाही, माझ्या वाटचं आहे."

"मग तू काय खाल्लंस?"

"तुझ्या वाटचं."

त्यानं थोडा विचार केला. यात काहीतरी गडबड आहे हे त्याला कळत होतं, पण भूक लागली होती. जेवून झाल्यावर फाटकाच्या दांड्यावर हात ठेवून तो म्हणाला, "एक कर. पाद्रीच्या डाव्या कानाला हात लावायचा नाही, एवढं तिला सांग. मी सांगितलं म्हणू नकोस. आणि थंडीत लगामाचं लोखंड आधी हातात धरून गरम करायचं. तो तोंडात थंड घेत नाही." मी भांडी आपटत परत आलो.

घरी येतो तर टॉलिव्हर दाढी करून, धुतलेला सदरा घालून उभा. गालावर दोन ठिकाणी कापलेलं.

"मी राजीनामा द्यायला चाललो," तो म्हणाला. "लेफला काढतात आणि मी इथं बसून खातो, असं व्हायचं नाही. वाड्यावर जातो आणि तिच्या तोंडावर सांगतो."

आता टॉलिव्हरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याला दहा हातांपलीकडची गाय कुठली आणि झुडूप कुठलं ते कळत नाही. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलाय. हे मला माहीत, लेफला माहीत आणि त्याच्या घोड्याला माहीत. फक्त हे आम्हाला माहीत आहे, हे टॉलिव्हरला माहीत नाही. रानात लेफ त्याच्या बाजूनं घोडा चालवतो आणि सहज गप्पा मारल्यासारखं म्हणतो, "ओढ्याच्या डावीकडं त्या तीन गाई बघ कशा माजल्यात." मग टॉलिव्हर डावीकडं जातो.

वीस मिनिटांत तो परत आला, ताठ मानेनं.

"काय म्हणाली?"

"काही नाही. एक शब्द नाही. मी टोपी काढून उभा राहिलो, अकरा वर्षांची चाकरी सांगितली, कर्नलबद्दल दोन चांगले शब्द बोललो, अंधाऱ्या त्या ओसरीत. तिनं साधं 'बसा' म्हटलं नाही. फार कडक बाई, ओबेड. मी आजवर एवढी कडक बाई पाहिली नाही."

त्यानंही खोगीर उचललं. तो कोठीच्या दिशेनं निघाला होता, मी हळूच खांदा धरून रस्त्याकडं वळवला. संध्याकाळपर्यंत फाटकापाशी दोन खोगिरं आणि त्यावर दोन म्हातारे होते. मीही जायला हवं होतं. माझं खोगीर बारा वर्षं खुंटीला टांगलेलं आहे, तरी आहे. पण मी गेलो तर त्यांना जेवायला कोण नेणार? असं मी स्वतःला सांगितलं आणि चुलीत लाकूड सारलं.

रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडली. दोघं उघड्यावर वळकट्यांत झोपले. बुधवारी सकाळी गेलो तर लेफ खोकत होता आणि टॉलिव्हर त्याला सांगत होता, "इकडं आडोशाला ये, वारा तिकडून आहे," आणि त्याला नेमका वाऱ्याच्या तोंडी बसवत होता.

दहाच्या सुमाराला बाईसाहेब स्वयंपाकघरात आल्या.

"मिस्टर क्रेन, फाटकापाशी मिस्टर हार्गिस बसलेत का?"

"हो, बाईसाहेब."

"कालपासून?"

"हो, बाईसाहेब."

"का बसलेत?"

"टपालाची वाट बघतायत."

"त्यांचं पत्र यायचंय?"

"नाही, बाईसाहेब."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि मिस्टर टॉलिव्हर?"

"त्यांनी राजीनामा दिला ना काल, तुमच्याकडं."

"माझ्याकडं? काल दुपारभर तर मी गोठ्यात होते. त्या अडलेल्या गाईपाशी."

मी पीठ मळायचं थांबलो. ओसरीत दारामागच्या खुंटीवर कर्नलचा रानरेड्याच्या कातड्याचा लांब कोट टांगलेला असतो आणि त्याच्यावर त्याची टोपी. बाईंनी तो अजून काढला नव्हता. अकरा वर्षांची चाकरी टॉलिव्हरनं त्या कोटाला सांगितली होती. मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आणि बाईंना यातलं काहीच सांगायची सोय नव्हती. कोटाचं सांगितलं तर डोळ्यांचं सांगावं लागणार, आणि डोळ्यांचं कळलं तर टॉलिव्हरचेही घोडे जाणार.

"माझी ऐकण्यात चूक झाली असेल," मी म्हणालो.

"मिस्टर क्रेन, इथं काहीतरी चाललंय आणि ते मला कुणी सांगत नाही."

"हो, बाईसाहेब," मी म्हणालो. ते खरंच होतं.

दुपारचं जेवण घेऊन गेलो तेव्हा लेफनं अर्धंच खाल्लं. त्याचा खोकला छातीत उतरला होता. "उद्या या वेळेला सुटलो बघ," तो हसत म्हणाला. हसण्यात काही दम नव्हता. येताना मी वाटेत दोनदा बसलो आणि दुसऱ्यांदा बसलो तेव्हा ठरवलं. गेली शपथ खड्ड्यात, आणि आंबवण मेलं तर मेलं.

दिवेलागणीला बाईसाहेब हिशेबनिसाच्या जुन्या खोलीत शिवण घेऊन बसल्या होत्या. मी टोपी हातात घेऊन सगळं एका दमात सांगितलं. दावण म्हणजे काय, घोडा काढून घेणं म्हणजे काय. फक्त कोटाचं तेवढं गाळलं. मला वाटलं, बाई दचकतील, तोंडावर हात ठेवतील, धावत फाटकाकडं जातील.

त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं."

मी उभा होतो तिथंच खुर्चीचा टेकू शोधला.

"काकांनी पत्रात लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "इथं माणसाला 'तू थकलास' असं कुणी तोंडावर सांगत नाही. एक घोडा काढून घेतात आणि तो समजतो. मला ते फार आवडलं होतं. आमच्याकडं तर सरळ चिठ्ठी देतात हातात." त्यांनी सुई कापडात खोचली. "रविवारी मी खिडकीतून पाहिलं. मिस्टर हार्गिस पाद्रीवर बसायला गाडीच्या चाकावर चढले. चार वेळा प्रयत्न केला. चौथ्या वेळी खाली पडले. मग उठून त्या घोड्याच्या मानेला कपाळ लावून तसेच उभे राहिले. बराच वेळ. मी काय करायला हवं होतं? पुढच्या वेळी मान मोडून घेतील. तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून तुमच्या पद्धतीनं सांगितलं."

चाकाचं मला माहीत होतं. पडल्याचं माहीत नव्हतं.

"पण मला वाटलं, आता ते आरामात ओसरीवर बसतील," त्या पुढं म्हणाल्या. "मी मंगळवारी तिथं झुलती खुर्चीसुद्धा काढून ठेवली. ते फाटकाबाहेर जाऊन का बसले ते मला कळेना."

"बाईसाहेब, घोडा गेला की माणूस बसत नाही. माणूस जातो. त्यातली दुसरी अर्धी गोष्ट ती आहे."

"दुसरी अर्धी काकांनी लिहिलीच नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "चार महिने मी सगळं तुमच्यासारखं करायला बघतेय, मिस्टर क्रेन. मग मी घोडा परत देते. आत्ता जाऊन देते."

"देऊ नका."

"का?"

"कारण तो बसेल त्याच्यावर. आणि तुम्ही बरोबर होता."

हे बोलताना माझीच जीभ मला कडू लागली. घोडा द्यावा तर मान मोडणार. न द्यावा तर उद्या टपालगाडी येणार. ओसरीवर बसवून खाऊ घालावं, तर ते खाण्याआधी लेफ रानात जाऊन पडेल.

"तुम्ही कसे राहिलात?" बाईंनी एकदम विचारलं. "तुमचाही घोडा गेलाच ना?"

"कंबर मोडल्यावर मी वळकटी बांधत होतो. कर्नल आला आणि म्हणाला, आचारी पळून गेलाय, वीस माणसं उपाशी आहेत, दोन दिवस काहीतरी शिजवून घाल. त्या दोन दिवसांची बारा वर्षं झाली."

"आचारी खरंच पळाला होता?"

बारा वर्षांत हा प्रश्न मी कर्नलला विचारला नव्हता आणि स्वतःलाही नाही. "मला काय माहीत," मी म्हणालो.

"मग तुम्हीच सांगा त्यांना. तुम्हाला मदतीला माणूस हवाय म्हणून."

"लेफ काही खुळा नाही. मी एकटा वीस जणांचं रांधतो हे अख्ख्या परगण्याला ठाऊक आहे. त्याला तो खोटेपणा लगेच कळेल."

"माझ्याकडून तर तो हुकूम होईल," बाई म्हणाल्या. "तुम्हीच बघा, मिस्टर क्रेन. माझ्या हातात आता काही राहिलेलं नाही."

गुरुवारी सकाळी मी कॉफी घेऊन निघालो तेव्हा गवतावर दंव गोठलेलं होतं. दोघं फाटकाबाहेर एकमेकांना टेकून बसले होते. लेफनं दाढी केली होती, कुठं समारंभाला जाणार असल्यासारखी. लांब टेकडीच्या वळणावर धूळ दिसत होती.

"गाडी आली," मी म्हणालो.

"मला दिसतेय," टॉलिव्हर भलतीकडं बघत म्हणाला.

मी कॉफी ओतली. रात्रभर खोटं जुळवत पडलो होतो, चांगलं लांबलचक. आता त्यातलं पहिलं वाक्य उचललं. "लेफ, एक अडचण आहे माझी. माझे हात गेलेत रे. मोठं भांडं मला चुलीवर चढवता येत नाही. पोरं परत येतील, वीस माणसं जेवायला, आणि..."

आणि तिथं माझी वाचा बसली. कारण बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की मी खोटं बोलतच नव्हतो. सकाळी बोटं वळत नाहीत. कॉफीचं भांडं मी दोन मनगटांत धरून उचलतो. पीठ मळताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून मी गाणी म्हणतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाईसाहेबांसमोरही ताठ उभा राहून म्हणालो होतो, एकटा वीस जणांचं रांधतो. आता ते तोंडातून बाहेर पडलं होतं. मी फाटकाला धरून लहान पोरासारखा उभा राहिलो.

लेफनं कॉफीचा घोट घेतला. "माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"वर्ष झालं. मोठं भांडं उचलत नाही म्हणून तू छोट्यात तीन-तीनदा घेवडा चढवतोस आणि घाईनं उतरवतोस. वर्षभर आम्ही कच्चा घेवडा खातोय, ओबेड. पोरांना मी दम भरून ठेवलाय, कुणी तोंड वाकडं केलं तर दात पाडीन म्हणून."

"कच्चा?"

"दगड असतो दगड," टॉलिव्हर म्हणाला. "आणि पिठाचं पोतं कोठीतून तुझ्या फळीवर आपोआप चढतं वाटतं? ते मी पहाटे आणून ठेवतो. तुला वाटतं, आदल्या दिवशी तूच आणलंस. मनात म्हटलं, डोकं पण गेलंय बिचाऱ्याचं, कशाला बोला."

मला संताप आला, खोटं कशाला सांगू. मी यांची झाकतोय, मी यांना सांभाळतोय, अशा तोऱ्यात वर्ष काढलं होतं. आणि हे दोघं माझ्या हातचे दगड चावत मला सांभाळत होते. मी आईबहिणीवरून शिव्या दिल्या. लेफनं त्या शांतपणे ऐकून घेतल्या. मग टॉलिव्हरनं सरकून मला त्याच्या खोगिरावर जागा केली.

टपालगाडी येऊन थांबली. टपालवाल्यानं आम्हा तिघांकडं पाहिलं. "कोण येतंय?"

लेफ उठला. रस्त्याकडं पाहिलं, जिथून गाडी सेजवुडला जाणार होती. मग आत पाहिलं. आवारात काळा पाद्री मान खाली घालून उभा होता, आणि बाईसाहेब त्याच्या उजव्या बाजूनं, अगदी जपून, दोन्ही हात छातीशी धरून उभ्या होत्या; लगामाचं लोखंड गरम करतायत, ते अर्ध्या मैलावरूनही कळत होतं. मी लेफचा निरोप दिला होता ना. लेफचा जबडा दोनदा हलला. त्या वेळी त्याच्याकडं बघवत नव्हतं आणि मी बघत होतो.

"कुणी नाही," तो म्हणाला. "टपाल असेल तर दे."

बाईसाहेबांसाठी बियाण्यांची यादी आली होती, एवढंच.

"आणि माझा राजीनामा?" टॉलिव्हर म्हणाला.

"बाईंनी नामंजूर केला," मी म्हणालो. "काल संध्याकाळी. म्हणाल्या, एवढं छान बोलणारा माणूस मी सोडायची नाही."

"मला वाटलंच होतं. वरून कडक, पण मनानं चांगली आहे."

अर्धा मैल परत यायला आम्हाला पाऊण तास लागला. बाईसाहेब आमच्याकडं न बघता पाद्रीवर बसल्या आणि ओढ्याच्या बाजूला निघून गेल्या. लेफ त्या दिसेनाशा होईपर्यंत आवारापाशी उभा होता. मी थांबलो नाही, त्याला 'चल' असंही म्हटलं नाही.

तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याची टोपी डोक्यावरच होती. डोळे लाल होते आणि ते धुरानं झालेले नव्हते, कारण कॉफीनंतर विझलेली चूल मी अजून पेटवलीच नव्हती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. घोड्यावर बसून करता येत नाही असलं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

"तो बिडाचा टोप आण इकडं," तो शेवटी म्हणाला.

मी मोठा टोप फळीवरून ओढला, छातीशी धरून दोन पावलं नेला आणि त्याच्या हातात दिला. मग रोजच्यासारखे हात फडक्याखाली लपवायला गेलो, आणि लपवले नाहीत. ते आखडले होते. त्याच्यासमोर मी ते तसेच राहू दिले.